दोर खाली, माणूस खाली

डोमाजी इंगळेनं कैची जमिनीवर टाकली, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्याला कारण मी होतो. ते शेवटी येईलच, टाळलं तरी येईल. आधी कैची न टाकणारा डोमाजी सांगतो, कारण तो सांगायला मला बरं वाटतं.

अकोल्याला एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा मला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. खात्याचं नाव सांगत नाही. सांगून काय दिवे लागणार आहेत? कचेरी आणि साहेबांचा बंगला एकाच आवारात होता. भोवती छातीइतकं मेंदीचं कुंपण आणि बंगल्यापुढं हरळीचं हिरवंगार मैदान. अकोल्याच्या वैशाखात माणसाच्या डोळ्यांतलं पाणी आटतं, तिथं हे मैदान हिरवं राहायचं. ते सगळं डोमाजीचं. पण मस्टरवर त्याच्यापुढं ‘माळी’ असं नव्हतं, ‘मजूर’ असं होतं. माळ्याची जागा मंजूर नव्हती. चौदा वर्षं तो रोजंदारीवर होता आणि चौदा वर्षं कायम व्हायची वाट बघत होता.

काळा, उंच, वाळलेला माणूस. कोण्या शिपायाची उतरलेली खाकी चड्डी, अंगात बंडी, आणि कमरेला सुतळी. त्या सुतळीला वीतभर लांबीची बाभळीची पाचर लटकलेली असायची. तेल पिऊन पिऊन ती काळी झाली होती. मी पहिल्याच आठवड्यात थट्टेनं विचारलं, “हे काय रे डोमाजी, ताईत बांधला काय?”

“ताईतच समजा बाबूजी,” तो म्हणाला. “पन हा देवायसाठी नाई, बोटायसाठी हाये.”

मी त्याच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला बाबूजी म्हणायचा, तुमी म्हणायचा. साहेब तर त्याला नुसतं ‘डोम्या’ म्हणायचे. आज लिहिताना ‘ते’ लिहावं असं मनात येतं. पण तेव्हा तोंडातून निघालं नाही, आता कागदावर मान देऊन मी कुणाला फसवू? तेव्हा ‘तो’च म्हणतो.

त्याची मेंदी छाटायची कैची म्हणजे दोन हात लांबीची, लाकडी मुठींची. ती जमिनीवर कधी ठेवायची नाही. काम थांबलं की लिंबाच्या झाडाला ठोकलेल्या खुंटीला अडकवायची, आणि अडकवण्याआधी तिच्या पात्यांवर ताडपत्रीची शिवलेली पिशवी चढवायची. त्या पिशवीला तो मुसकं म्हणायचा. “बैलाले मुसकं काहून घालते? तोंड जाऊ नये तिथं जाऊ नये म्हनून. हिचंबी तसंच हाये.” चालताना कैचीची टोकं खाली, मूठ वर. मैदानावर कोणी घाईघाईत कैची खांद्यावर टाकून चाललेला दिसला की डोमाजी लांबून ओरडायचा, “अबे, मागच्याचा डोया फोडतं का?”

एकदा मला फाइलींच्या गठ्ठ्याची तार तोडायची होती. पक्कड सापडेना. खिडकीतून कैची दिसली, उचलली, दोन तुकडे केले, परत अडकवली. मुसकंही नीट चढवलं. वाटलं, कोणाला कळतंय! दुपारी डोमाजी कचेरीच्या दारात उभा. आत पाऊल टाकलं नाही, ते तो कधीच टाकायचा नाही. कैचीचं पातं उन्हाकडं धरून त्यानं त्यावरून नख फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

“तार कापली काय बाबूजी?”

“एवढीशीच होती रे.”

“तुमच्या टाकानं मी आळं खोदलं तं चालन काय?”

आख्खी कचेरी हसली. माझे कान तापले. संध्याकाळी घरी निघालो तर त्यानं मला लिंबाखाली थांबवलं आणि कानस काढली. तो खाच काढत होता आणि मला उभं राहून बघायला लावत होता. कानस एकाच बाजूनं, एकाच दिशेनं, उतरत्या धारेवर. सपाट बाजूला हात लावायचा नाही. मग रॉकेलच्या चिंधीनं मेंदीचा चीक पुसला, जवसाच्या तेलाचं बोट फिरवलं. शेवटी कैची आडवी धरून एक मूठ वर उचलली आणि सोडून दिली. ती मूठ सावकाश, जांभई दिल्यासारखी खाली आली.

“दनकन पडली तं मधल्या खिळ्याची ढिबरी सैल. अडकून राह्यली तं घट्ट. सैल कैची पान चावते, कापत नाई. मंग मानूस जोर करते. जोर केला का हात सुटते. आता जा घरी.”

असा तो मला ‘जा घरी’ म्हणाला. साहेबांनीही मला कधी इतक्या हक्कानं हाकललं नसेल. म्हणजे हक्कानं बोलायला तो घाबरत नव्हता, कैचीचा विषय असला की नव्हताच. मग नेमक्या त्या दिवशी का घाबरला, हा प्रश्न मी स्वतःला विचारत आलोय. उत्तर मला ठाऊक आहे.

छाटायच्या आधी तो अख्ख्या कुंपणाला एक चक्कर मारायचा. हातात वेळूची काठी. मेंदीत काठी घालत, खालून वर हलवत, वाकून बघत जायचा. लोक हसायचे. एकदा साहेबांच्या मुलीचं लग्न झालं, रोषणाई झाली, मांडववाला सामान घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी हुकूम सोडला, मेंदी तुडवली गेलीय, दुपारपर्यंत सारखी करा. डोमाजीनं काठी घेतली. साहेब व्हरांड्यातून ओरडले, “डोम्या, नाटकं पुरे, कैची चालव!” डोमाजीनं ऐकलं नाही. चाळीस पावलांवर काठी अडकली. मेंदीच्या पोटातून रोषणाईची तार गेलेली, मांडववाल्यानं तिथंच विसरलेली, आणि तिच्यात वीज तशीच वाहत होती. हातात लोखंडाची कैची, पायाखाली ओलं आळं. डोमाजीनं मुकाट्यानं जाऊन बटण बंद करवलं, तार गुंडाळली आणि व्हरांड्याच्या पायरीवर साहेबांपुढं ठेवली. ‘बरं झालं’ एवढं म्हणायलासुद्धा साहेबांची जीभ वळली नाही.

गवत कापायचं मशीन होतं ते विलायती, फौलादी. मागं दांडा, खाली जाड रूळ, पुढं पात्यांचा पिळदार गुंडा. रूळ फिरला की पाती फिरणार, रूळ थांबला की पाती थांबणार. एकट्यानं ढकलवत नसे. मागून डोमाजी ढकलायचा आणि पुढून दोर खांद्यावर घेऊन शेख गफूर ओढायचा. गफूर म्हणजे बोलका गडी, तारफैलातला. आता हरळीत काडी, खडा, पाण्याची नळी, काय वाटेल ते असतं. पाती अडकायची. मग ते काढायला आत हात घालावा लागायचा. आणि मशीनची खोड अशी की पुढच्यानं दोराला नुसता हिसका दिला तरी पाती फिरायची.

म्हणून डोमाजीचा कायदा होता. मशीन अडकलं की तो ओरडायचा, “दोर खाली! मानूस खाली!” गफूरनं दोर जमिनीवर टाकायचा आणि त्या दोरावर फतकल मारून बसायचं. उभं राहायचं नाही. उभा माणूस हाक ऐकून वळतो, माशी हाकलतो, पाय बदलतो. बसलेल्या माणसाच्या हातून दोर ओढला जात नाही. मग कमरेची पाचर सोडून पात्यांत घालायची, ठोकून बसवायची. आणि त्यानंतर हात. काम झालं की आधी हात बाहेर, मग पाचर बाहेर, मग “उठ”.

मी गफूरला एकदा म्हटलं, “दिवसातून वीसदा बसतोस, उठतोस. कंटाळा नाही येत?”

“आता है ना बाबूजी,” तो म्हणाला. “लेकिन चाचा बोले बैठ, तो बैठनाच पड़ता. नै बैठे तो मशीन छोड के घर चले जाते.”

खरंच जायचा. एकदा गफूर चिखल आहे म्हणून उकिडवाच बसला, तर डोमाजी मशीन तिथंच सोडून लिंबाखाली विडी ओढत बसला. गफूरनं चिखलात बूड टेकलं तेव्हाच उठला.

छप्पन्न साली डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. साहेबांपुढं वाकून जोहार घालायचा तो सरळ उभा राहून नमस्कार करू लागला. आणि मस्टरवर अंगठा द्यायचं त्यानं सोडलं. त्याची पोरगी कांता तेव्हा चौथीत होती, तिच्याकडून तो सही शिकला. दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली बसून पाचरीच्या टोकानं धुळीत ‘डो. ग. इंगळे’ लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा. ‘ळे’ त्याला साधायचा नाही. मग एक दिवस माझ्याकडं येऊन दाराबाहेरून म्हणाला, “बाबूजी, कायम झाल्यावर नोकरीचं पुस्तक बनते म्हनते. त्याच्यात सई कोन करते?”

“तूच करायची.”

“मंग ठीक हाये,” तो म्हणाला, आणि गेला.

तीनेक वर्षांनी कायम करायच्या मजुरांची यादी आली. तिच्यात पहिलं नाव डोमाजीचं होतं. मीच वाचून दाखवलं. त्यानं मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. साहेबांची सही तेवढी व्हायची होती.

आणि त्याच श्रावणात कोणी मंत्री येणार असं कळलं. तीन दिवस पावसाची झड लागलेली. गवत घोट्याच्या वर. मंत्री उद्या सकाळी येणार आणि गफूर तापानं फणफणलेला. डोमाजी साहेबांना सांगायला गेला, की ओल्या गवतात मशीन चालवू नये, गोळे होतात, पावलोपावली हात घालावा लागतो, मी विळ्यानं कापून देतो, चार बाया लावा, संध्याकाळपर्यंत होईल. साहेबांना मैदान मशीननं कापलेलं, पट्ट्या पट्ट्या दिसणारं हवं होतं. ते म्हणाले, “कायम व्हायचंय ना तुला?”

एवढं पुरलं.

दोर ओढायला माणूस नव्हता. साहेबांनी व्हरांड्यातून इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांना मी दिसलो. “तू काय करतोयस? धर तो दोर.” मी धरला. अंगात नवी पांढरी पँट होती, त्याच महिन्याच्या पगारातून शिवलेली. घोट्यापर्यंत दुमडली आणि ओढू लागलो.

वीस हातांवर मशीन अडकलं.

मागून आवाज आला, “दोर खाली!” मी दोर टाकला. पुढचं ‘मानूस खाली’ आलं नाही. मी वळून पाहिलं. डोमाजी माझ्याकडं बघत होता, माझ्या पँटीकडं बघत होता. खाली हिरवा रबडा. तो हळूच म्हणाला, “बसता काय बाबूजी?”

गफूरला तो असं कधी म्हणाला नव्हता. गफूरला हुकूम होता, मला विनंती. कैची खराब केली तर तो मला झापू शकत होता, पण बाबू माणसाला चिखलात बस म्हणायला त्याचीही जीभ रेटली नाही. मैदानाच्या कडेला अर्धी कचेरी उभी होती. मी म्हटलं, “चालते रे, उभाच आहो मी. दोर नाही उचलत.” आणि त्यानं ते चालवून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोरवाला उभा असताना त्यानं कमरेची पाचर सोडली.

असं सात-आठ वेळा झालं. मला तर जमल्यासारखंच वाटत होतं. नवव्या वेळी तो वाकलेला, मी दोर पायाशी टाकून उभा. मग कधी कोण जाणे, पावसाची सर आली म्हणून की काय, लवकर उरकावं म्हणून, मी दोर उचलून हातात तयार धरला. तेवढ्यात व्हरांड्यातून साहेब ओरडले, “अरे चला, ओढा लवकर!”

मी दचकलो आणि ओढला.

डोमाजी किंचाळला नाही. ‘हं’ असा आवाज आला फक्त. उजव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठ्याजवळची तीन. त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. मी मैदानात राहिलो. गवतात पाचर पडली होती. मधोमध पात्याचा खोल घाव, अर्धवट तुटलेली. म्हणजे तो पाचर घालत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी ती खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी मंत्री आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून अहवाल सांगायला सुरुवात केली. सदर मजुरानं मशीनमध्ये पाचर न लावता स्वतःच्या हलगर्जीपणानं हात घातला. मी लिहिता लिहिता थांबलो, खिशातून पाचर काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, “साहेब, पाचर लावत होता तो. हा घाव बघा.”

साहेबांनी पाचरीकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. “दोर कोणाच्या हातात होता, हे पण लिहायचं का मग?”

मी पाचर उचलली आणि पुढचं वाक्य लिहिलं. शाबास रे बहाद्दरा! त्या एका वाक्यानं काय होणार, हे मला साहेबांपेक्षा जास्त कळत होतं. कामावर असताना, हुकमानं काम करताना हात गेला असता, तर त्याला कायम करून पहारेकऱ्याची जागा देता येत होती. तसा नियम माझ्याच कपाटात होता. हलगर्जीपणानं गेला म्हटल्यावर नाव यादीतून उडणार. उडालं.

जबाबावर त्याची निशाणी घ्यायला मीच दवाखान्यात गेलो. उजवा हात फडक्यांत गुंडाळलेला. कागद बघून तो म्हणाला, “सई नाई जमनार आता. अंगठाच घ्या, डाव्या हाताचा.” मी शाई लावली. अंगठा टेकवण्याआधी त्यानं विचारलं, “काय लिवलं बाबूजी?”

मी म्हणालो, “जे झालं तेच.”

त्यानं अंगठा टेकवला. वर मलाच म्हणाला, “तुमी मनाले लावून नका घेऊ. ओरडल्यावर कोनीबी दचकते.”

तो अकोला सोडून गेला. मी राहिलो, हेडक्लार्क झालो. माझी बदली अमरावतीला झाली तेव्हा मधे सात वर्षं गेली होती. टेबल आवरताना मागच्या खणातून पाचर निघाली. टाकवली नाही, ट्रंकेत घातली.

अमरावतीत एका मुलींच्या शाळेवरून माझा कचेरीचा रस्ता जात होता. एक दिवस कुंपणापलीकडं पांढरे कपडे घातलेला एक गृहस्थ चक्क जमिनीवर बसलेला दिसला. हातात सुतळीचं टोक. मेंदी एका उंचीत यावी म्हणून ताणलेली सुतळी. मी विचारलं, “का हो, खाली का बसलात?”

“शाळेचा क्लार्क हाओ मी,” तो ओशाळून म्हणाला. “शिपाई आला नाही आज. इथं सुतळी धरायची तं बसावंच लागते. मोठ्या बाईलेही बसवते थो बुढा.”

सुतळीच्या दुसऱ्या टोकाला डोमाजी होता. केस पांढरे झालेले. कैचीची एक मूठ डाव्या हातात, दुसरी मूठ चामड्याच्या पट्ट्यानं उजव्या मनगटाला बांधलेली. कमरेला नवी पाचर. कैचीत काडी अडकली की तिच्यासाठीसुद्धा आता पाचर लागत होती. तेव्हा मी पळालो. खरंच, मान खाली घालून पळालो. दुसऱ्या दिवशी जुनी पाचर कागदात गुंडाळून घेऊन गेलो.

त्यानं मला लगेच ओळखलं. मी काही बोलणार तोच म्हणाला, “बसा आंधी.”

आवाजात विनंती नव्हती. मी कुंपणाच्या आत येऊन ओल्या मातीत बसलो.

“पोरगी मास्तरीन हाये या शाळेत,” तो छाटता छाटता म्हणाला. “तिनं त्या कागदाची नक्कल काढली होती. मले वाचून दाखवली.” कैची चालूच होती, पानं माझ्या अंगावर पडत होती. “जे झालं तेच, म्हनले होते तुमी.”

मी कागद सोडून पाचर पुढं केली. त्यानं कैची थांबवली. डाव्या हातानं पाचर घेतली, फिरवली, घावावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

“म्हंजे लावत होतो मी,” तो म्हणाला.

“लावत होतास... होतात. मला तेव्हाच माहीत होतं.”

“मले नोतं माईत.” त्यानं परत घावावर अंगठा ठेवला. “सरकारी कागदात लिवलं का लावली नाई. पोरगी वाचे, मी ऐको. बायको म्हने, घाईत राह्यली असन तुमची. सात साल मी सोताले शिव्या घातल्या, का जिंदगीभर लोकायले शिकवलं अन् सोताच इसरलो कसा. रोज रात्री आठवून पाहो, घातली का नाई घातली. मलेच वाटाले लागलं, नाई घातली.”

मी समजत होतो, मी त्याची नोकरी खाल्ली. मी त्याचं तेवढंच खाल्लं नव्हतं.

तो दातांनी मनगटाचा पट्टा सोडू लागला. मला वाटलं, आता मारतो, आणि मारावंच असं वाटलं. पट्टा सुटला आणि कैची धप्पकन मातीत पडली. पाती उघडी, मुसकं नाही, टोकं माझ्याकडं. तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही. पाचर उंच धरून तो शाळेच्या इमारतीकडं निघाला, मग धावायलाच लागला. म्हातारा माणूस, मैदान ओलांडून, पोरींच्या वर्गाच्या खिडकीशी जाऊन ओरडला, “कांता! अवं कांता, पाह्य! लावली होती मी! लावली होती पाह्य!”

मी तसाच मातीत बसून होतो. उठा असं तो म्हणाला नव्हता.